मोटारीचा मागचा आंस

मोटारगाडी जुनी झाली म्हणजे घरांतील मंडळींचें लक्ष तिच्या पुढच्या भागाकडे अधिक जातें. इंजिन सकाळीं लवकर सुरू होत नाहीं, रेडिएटरमधील पाणी उकळतें, दिवे मंद लागतात. हीं सारीं दुखणीं डोळ्यांसमोर घडतात आणि झांकण उचललें कीं त्यांचें मूळ हाताशीं लागतें. मागच्या बैठकीखालीं दोन चाकांना सांधणारी जी जाड लोखंडी नळी आडवी असते, तिच्याकडे मात्र कोणी वांकून पाहत नाहीं. आणि तीहि पुष्कळ वर्षें कांहीं तक्रार करीत नाहीं. मग एखाद्या दिवशीं मागें बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला चाकाच्या दिशेनें एक बारीक घरघर ऐकूं येऊं लागते, किंवा ब्रेक दाबतांच गाडी एका अंगाला ओढ घेते. हीं दोन लक्षणें परस्परांपासून दूरचीं वाटलीं तरी पुष्कळदां त्यांचा उगम एकाच ठिकाणीं असतो. आंसाच्या टोकाशीं असलेलें बेअरिंग आणि त्याच्या शेजारीं तेल अडवून धरणारें सील, या त्या दोन वस्तु. दोहोंची किंमत गाडीच्या मानानें किरकोळ असते. तीं बदलण्याचें काम मात्र किरकोळ नाहीं; कारण कित्येक जुन्या गाड्यांत मागचें चाक गाडीला धरून ठेवणारी वस्तु म्हणजे त्याच बेअरिंगला लागून बसविलेलें बोटभर रुंदीचें एक पोलादी कडें, एवढीच असते.

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना या रचनेचें सर्वांत ओळखीचें उदाहरण म्हणजे फियाट ११०० आणि तिच्याच वंशांतील प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें इटलींतील फियाट कंपनीच्या सहकार्यानें ११०० जातीच्या गाड्या होऊं लागल्या, आणि १९७४ पासून त्या गाडीला पद्मिनी हें नांव मिळालें. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती त्यानंतरहि पुष्कळ वर्षें धांवली. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती त्या कामांतून निवृत्त झाली. खासगी मालकांनीं जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, आणि ज्या घरीं ती आहे तेथें तिला विकण्याचा विषय काढणें हा कौटुंबिक अपराध समजला जातो.

आंस हा शब्द मराठी माणसाला बैलगाडीमुळें परिचित आहे. बैलगाडीचा आंस स्वतः फिरत नाहीं. तो भार वाहतो आणि चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. दोघांमध्यें वंगण घातलें म्हणजे काम भागतें. आगगाडीची रीत उलट. तेथें चाकें आंसावर घट्ट बसविलेलीं असतात आणि आंसच चाकांसह फिरतो. मोटारीच्या मागच्या आंसावर याहून तिसरीच जबाबदारी येते. इंजिनची शक्ति एका लांब दांड्यावाटे मागें येते, मधल्या फुगीर पेटींतील दांतेरी चक्रांतून, म्हणजे डिफरन्शियलमधून, दोन्ही बाजूंस वळते आणि नळींतून जाणाऱ्या दोन स्वतंत्र दांड्यांनीं चाकांपर्यंत पोंचते. नळी स्थिर, आंतला दांडा फिरता. तेव्हां प्रश्न असा उरतो कीं गाडीचें वजन कोणी वाहावयाचें, नळीनें कीं दांड्यानें?

या प्रश्नाला मोटारी बांधणाऱ्यांनीं तीन प्रकारचीं उत्तरें दिलीं. पहिल्या रचनेंत चाकाचा तुंबा नळीच्या बाहेरच्या अंगावर दोन बेअरिंगांनीं बसवितात. सारें वजन नळीवर पडतें आणि दांड्याकडे चाक फिरविण्याएवढेंच काम उरतें. मालमोटारींत ही रचना असते. तींत चाक जागच्या जागीं ठेवून दांडा ओढून काढतां येतो, आणि दांडा मोडला तरी चाक निखळत नाहीं. दांडा वजनापासून मोकळा, जणूं तरंगत असतो, म्हणून तिला फुल-फ्लोटिंग किंवा पूर्ण तरता आंस म्हणतात. दुसरींत तुंब्याखालीं एकच बेअरिंग असतें व चाक सरळ उभें ठेवण्यापुरता दांड्याचा आधार घेतात. तिसरी रचना हलकी व स्वस्त, आणि म्हणूनच लहान मोटारींत अधिक रूढ झालेली. हींत बेअरिंग नळीच्या तोंडांत बसतें, दांडा त्यांतून बाहेर येतो, आणि चाक थेट दांड्याच्या टोकाच्या चकतीला जोडलेलें असतें. या सेमी-फ्लोटिंग, म्हणजे अर्ध्या तरत्या रचनेंत दांड्याला चाक फिरवावें लागतें, गाडीचें वजन पेलावें लागतें, आणि वळणावर चाक बाहेर निसटूं पाहतें तेव्हां त्याला ओढूनहि धरावें लागतें. पद्मिनीचा आंस या जातीचा आहे.

फिरतां फिरतां वजन पेलणें हें दांड्याला वाटतें तितकें सोपें नाहीं. बेअरिंगच्या बाहेर आलेल्या त्याच्या टोकाला जमीन चाकामार्फत वर रेटते, त्यामुळें दांडा किंचित् वांकतो. वांकलेल्या दांड्याच्या एका अंगाचें पोलाद ताणलें जातें व समोरच्या अंगाचें दाबलें जातें. पण दांडा फिरत असल्यामुळें अर्ध्या फेरींतच ताणलेल्या अंगावर दाब येतो आणि दाबलेल्यावर ताण. पद्मिनीच्या चौदा इंची चाकाच्या एका किलोमीटरांत पांचशेंहून अधिक फेऱ्या होतात. एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीच्या दांड्यानें ही ओढाताण पांच कोटींहून अधिक वेळां सोसलेली असते.

धातूलाहि शीण येतो हें मनुष्याला फार महाग पडून कळलें. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला, डबे एकमेकांवर चढले आणि आग लागून पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. दक्षिण ध्रुवप्रदेशाचा प्रसिद्ध फ्रेंच संशोधक द्युमाँ द्युर्व्हील पत्नी व मुलासह त्यांतच गेला. पुढच्याच वर्षीं रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरानें दाखवून दिलें कीं आंसाची जाडी जेथें एकदम बदलते, त्या कोपऱ्यापासून भेग सुरू होते आणि हळूहळू आंत शिरते. नंतर १८६० च्या आसपास ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरानें फिरत्या आंसांवर पद्धतशीर प्रयोग केले. एक वेळ सहज पेलतां येणारा भार लक्षावधि वेळां उलटसुलट पडला तर पोलादाला तोडूं शकतो, हें त्यानें सिद्ध केलें. दांड्यावर छिन्नीचा एक ओरखडा उठला तर तो असाच एक कोपरा होय. मागच्या आंसाच्या दुरुस्तींत जें कांहीं करूं नये म्हणून सांगितलें जातें, त्यांतील बहुतेकांचें कारण येथें आहे.

आतां बेअरिंगकडे वळावें. आंस गोळ्यांवर फिरविण्याची कल्पना जुनी आहे. वेल्समधील फिलिप व्हॉन यानें १७९४ मध्यें घोडागाडीच्या आंसासाठीं तिचें पेटंट घेतलें होतें. आजच्या बेअरिंगांत पोलादाचीं दोन वलयें एकांत एक असतात, त्यांच्यामधील खांचेंत गोळ्या, आणि गोळ्यांनीं एकमेकींना घांसूं नये म्हणून एक पिंजरा. आंतलें वलय दांड्यावर घट्ट बसतें व त्याच्याबरोबर फिरतें. बाहेरचें नळीच्या तोंडांत स्थिर राहतें. बाहेरच्या वलयावर एक पोलादी पट्टी बोल्टांनीं आवळलेली असते, म्हणून बेअरिंग नळींतून बाहेर येऊं शकत नाहीं. परंतु दांडा बेअरिंगमधून बाहेर निसटूं नये याची तजवीज काय? तेथें तें कडें येतें. त्याचें छिद्र दांड्याच्या व्यासापेक्षां केसभर लहान ठेवलेलें असतें. तापवून तें फुगवितात, बेअरिंगच्या आंतल्या बाजूस दांड्यावर सरकवितात, आणि निवतांना तें दांड्याला आवळून बसतें. त्याला खीळ नाहीं, चावी नाहीं, आटे नाहींत. गाडीच्या लांकडी चाकावर लोहार लोखंडी धांव तापवून चढवितो, तीच ही रीत.

हें कडें सरकलें तर काय होतें याची कल्पना मालकानें एकदां करून ठेवावी. दांडा, त्याच्यासह ब्रेकचा ड्रम आणि चाक, हीं तिन्ही वळणावर नळींतून बाहेर सरकूं लागतात. ड्रम ब्रेकच्या पट्ट्यांवरून निघाला कीं त्या पट्ट्यांना रेटणारे दट्टे अडविण्यास कोणी उरत नाहीं. चालकानें ब्रेक दाबतांच ते सिलिंडरांतून बाहेर पडतात व ब्रेकचें तेल सांडून जातें. बहुतेक जुन्या गाड्यांत चारी चाकांच्या ब्रेकांना तेलाची एकच वाट असते. म्हणजे चाक जावयाच्या वेळीं नेमके बाकीचे तीन ब्रेकहि जातात.

सील ही त्या मानानें गरीब वस्तु. डिफरन्शियलच्या पेटींत दाट तेल असतें व चक्रांच्या फिरण्यानें तें उडून नळीवाटे टोकापर्यंत येतें. तें बाहेर पडूं नये म्हणून पूर्वीच्या मोटारींत नमद्याचें किंवा चामड्याचें कडें बसवीत. पुढें कृत्रिम रबराचें सील आलें. त्याची आंतली धार ओठासारखी पातळ असते आणि ओठामागें एक नाजूक गोल स्प्रिंग त्याला दांड्यावर हलकेच दाबून धरते. ओठ नेहमीं तेलाच्या बाजूकडे तोंड करून बसवावा लागतो. तेलाचा दाब वाढला तर ओठ दांड्याला अधिक चिकटतो. उलटें बसविलेलें सील तेल अडविण्याऐवजीं त्याला वाट करून देतें, आणि असें सील उलटें बसविणारे हात आजहि दुर्मिळ नाहींत.

परंतु सील गळूं लागलें म्हणजे प्रत्येक वेळीं दोष सीलचाच असतो असें नाहीं. आंसाच्या नळीवर एक लहानसें श्वासछिद्र असतें. चालतांना आंस तापतो व आंतली हवा प्रसरण पावते. ती या छिद्रावाटे बाहेर जावी अशी योजना आहे. चिखल व धूळ यांनीं तें बुजलें तर ३० अंश सेंटिग्रेडवरील हवा ८० अंशांवर जाईपर्यंत आंतला दाब जवळजवळ एक-षष्ठांशानें वाढतो आणि तेल सीलच्या ओठाखालून वाट काढतें. नवें सील बसविलें तरी महिन्याभरांत पुन्हां तोच डाग दिसतो, मालक दुकानदाराला दोष देतो, दुकानदार मिस्त्रीला देतो, आणि दोन पैशांच्या तारेनें उकरून काढण्याजोगी धूळ तशीच राहते. तेल प्रमाणाबाहेर भरणें हें दुसरें कारण. गाडी सपाटीवर उभी असतांना भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कांठापर्यंत तेल पुरे. तिसरें कारण खराब झालेलें बेअरिंग. दांडा डगमगूं लागला म्हणजे कोणताहि ओठ त्याच्यावर टिकत नाहीं. यामुळें बेअरिंग आणि सील हीं एकत्रच बदलावींत हा जाणत्या कारागिरांचा नियम योग्य आहे.

घरघर ऐकूं आली म्हणजे ती बेअरिंगचीच, असें मात्र समजूं नये. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणें पालटतो. डांबरी रस्ता सोडून गाडी सिमेंटच्या रस्त्यावर आली कीं त्याचा सूर वेगळा होतो. डिफरन्शियलच्या दांत्यांचा आवाज ॲक्सिलरेटरवर पाय असतांना एक आणि पाय काढतांच दुसरा असतो. बेअरिंगची घरघर या दोहोंची पर्वा करीत नाहीं. ती चाकाच्या वेगाबरोबर चढते व उतरते. मोकळ्या रस्त्यावर गाडी उजवीकडे वळवितांना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हां आवाज वाढला तर डाव्या बेअरिंगवर संशय घ्यावा, आणि उलट असेल तर उजव्यावर. पुढें गाडी उचलून चाक हातानें सावकाश फिरवावें व दुसरा हात त्या बाजूच्या स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर, गोळ्यांत वाळू शिरल्यासारखी, लोखंडांतून बोटांना जाणवते. फार चाललेल्या गाडींतच हें होतें अशी समजूत आहे, पण पावसाळाभर एका जागीं उभ्या राहिलेल्या गाडींतहि गोळ्या जेथें टेकून राहिल्या तेथें दमट हवेनें गंज धरतो, आणि दिवाळीला गाडी बाहेर काढतांच ती बोलूं लागते.

तेलाच्या डागाची परीक्षा नाकानें करावी. आंसाचें तेल दाट असतें व त्यांत गंधकयुक्त द्रव्यें मिसळलेलीं असल्यामुळें त्याला उग्र वास येतो. ब्रेकचें तेल पातळ असतें आणि रंगावर पडलें तर रंग उचलतें. दोन्ही गळती एकाच चाकाच्या आंतल्या अंगाला दिसतात, पण त्यांचें औषध वेगळें आहे.

काम सुरू करण्यापूर्वीं एक धोका ओळखून ठेवावा. बहुतेक जुन्या गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो. मागचें चाक उचललें आणि ड्रम काढला म्हणजे तो निरुपयोगी होतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावेत आणि गाडी जॅकवर न ठेवतां भक्कम लोखंडी घोडीवर टेकवावी. ज्या बाजूचें काम असेल ती बाजू थोडी उंच ठेवली तर आंतलें तेल दुसरीकडे उतरतें व दांडा काढतांना सांडत नाहीं. ड्रम निघाल्यावर आंत सांचलेली काळी धूळ फुंकून किंवा पंपाच्या हवेनें उडवूं नये. जुन्या ब्रेक-पट्ट्यांच्या लायनिंगमध्यें ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतु फुफ्फुसांत गेले तर त्यांपासून होणारे रोग वीस-तीस वर्षांनींहि डोकें वर काढतात. ओल्या फडक्यानें ती पुसून फडकें पिशवींत बांधून टाकावें.

चाकाच्या चकतींतील छिद्रांतून पाना घालून पोलादी पट्टीचे नट सोडवितां येतात. यानंतर दांडा ओढून काढावयाचा. वर्षानुवर्षें बसलेलें बेअरिंग सहजासहजीं हलत नाहीं. त्यासाठीं दांड्यावर वजन सरकवून झटके देण्याचें एक हत्यार मिळतें. तें नसेल तेव्हां मिस्त्री लोक ड्रम उलटा करून चकतीला सैलसर जोडतात आणि त्यालाच धरून बाहेर झटके देतात. ही युक्ति चांगली आहे. चकतीच्या मागें छिन्नी घालून ठोकणें ही मात्र युक्ति नव्हे, कारण त्यानें ब्रेकची पाठपट्टी वांकते.

दांडा बाहेर आला कीं खरें काम समोर येतें. जुनें कडें काढल्याविना बेअरिंग निघत नाहीं. कडें पुन्हां वापरावयाचें नसतेंच, तेव्हां तें मोडण्यास हरकत नाहीं. दांडा मात्र जपावयाचा. योग्य रीत अशी कीं कड्याला बाहेरून एक छिद्र पाडावें, पण आरपार नव्हे. कड्याची जाडी संपण्यापूर्वीं थांबावें. उरलेल्या पातळ भिंतीवर छिन्नी ठेवून एक सणसणीत घाव घातला कीं कडें तडकतें, त्याची पकड सुटते व तें हातानें सरकतें. छिद्र खोल गेलें आणि दांड्याला लागलें, किंवा छिन्नी घसरून दांड्यावर चरा उठला, तर तो दांडा त्याच ठिकाणीं टाकून द्यावा. पांच कोटी वेळां उलटसुलट वांकणाऱ्या पोलादावर तो चरा काय करील हें वर सांगितलेंच आहे. गॅसच्या ज्योतीनें कडें कापून काढणेंहि तितकेंच वाईट, कारण त्या आंचेनें दांड्याला दिलेलें पाणी उतरतें.

नवें बेअरिंग विकत आणतांना जुन्याच्या वलयावर कोरलेला क्रमांक पाहावा. बेअरिंगांचीं मापें आंतरराष्ट्रीय संकेतानें ठरलेलीं असल्यामुळें गाडीचा कारखाना बंद पडला तरी बेअरिंग मिळतें. जुन्या गाडीच्या मालकाला इतकें सुख दुसऱ्या कोणत्याहि भागाच्या बाबतींत लाभत नाहीं. नेहमींच्या मेट्रिक गोळ्यांच्या बेअरिंगांत क्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे, ते ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर, पांचानें गुणले म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरांत निघतो. ६२०६ या बेअरिंगचें छिद्र ३० मिलिमीटर. तसेंच सीलवर तीन मापें छापलेलीं असतात, दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. पुष्कळ इंग्रजी गाड्यांत मात्र इंचांचीं मापें असतात, तेथें हा हिशेब चालत नाहीं. नामांकित छापाच्या खोक्यांत हलकें बेअरिंग घालून विकण्याचा धंदा जोरांत असल्यामुळें अधिकृत विक्रेत्याकडूनच माल घ्यावा. चार पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे.

बेअरिंग दांड्यावर चढवितांना दाब फक्त आंतल्या वलयावर द्यावा. बाहेरच्या वलयावर दाब दिला तर तो गोळ्यांतून आंत जातो, खांचेंत बारीक खड्डे पडतात, आणि कोऱ्या बेअरिंगची घरघर पहिल्या दिवसापासून सुरू होते. पट्टी आधीं दांड्यावर घातली आहे ना, हेंहि पाहून घ्यावें. ती विसरल्याचें लक्षांत येतें तेव्हां कडें बसून गेलेलें असतें आणि नवें कडें फोडावें लागतें.

यानंतर नवें कडें तापवावयाचें. तीस मिलिमीटर छिद्राच्या पोलादी कड्याचें तपमान दोनशें अंशांनीं वाढविलें तर त्याचें छिद्र सुमारें ०.०७ मिलिमीटरनें मोठें होतें. माणसाच्या केसाची जाडी साधारण इतकीच असते. सारी मेहनत एवढ्याशा फुगवट्यासाठीं. घांसून उजळलेल्या पोलादावर २२० अंशांच्या सुमारास फिकट गवती रंग चढतो आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. निळ्याच्या पलीकडे जाण्याचें कारण नाहीं. बेअरिंगला मात्र ही उष्णता सोसत नाहीं, त्यानें १२० अंशांपलीकडे जाऊं नये. म्हणून कडें वेगळें तापवून, चिमट्यानें उचलून, एका झटक्यांत दांड्यावर सरकवावें आणि बेअरिंगला भिडवून निवेपर्यंत दाबून धरावें. मध्यें थांबलें तर तें अर्ध्या वाटेवरच पकडतें. निवतांना कडें रुंदींतहि किंचित् आकसतें, तेव्हां दाबून न धरल्यास बेअरिंग व कडें यांत फट राहते, आणि फट राहिली म्हणजे दांड्याला तितकें सरकण्यास जागा मिळाली. ज्यांच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे ते कारागीर शेवटीं ठराविक भार देऊन कडें हलत नाहीं याची खात्री करून घेतात. पद्मिनीच्या मालकानें दुसरें कांहीं घरीं केलें तरी हें एक काम अशाच कारखान्यांत करून घ्यावें.

रस्त्यावरच्या कांहीं दुकानांत कडें सैल वाटलें तर त्याला दांड्याशीं वेल्डिंग करून टाकतात, किंवा दांड्यावर टोच्यानें ठिपके मारून तो जाड करतात. मालकाला हें काम भक्कम वाटतें. वास्तविक वेल्डिंगच्या आंचेनें त्याच्या कडेचें पोलाद ठिसूळ होतें आणि जाडीहि तेथेंच एकदम बदलते; म्हणजे रँकिननें दाखविलेला कोपरा नेमका सर्वांत अधिक वांकणाऱ्या जागीं तयार केला जातो. दांडा झिजला असेल तर दुसरा दांडा शोधणें हाच उपाय होय.

सील बसविणें त्या मानानें निवांत काम. जुनें उकरून काढतांना नळीच्या आंतल्या भिंतीवर ओरखडे पडूं देऊं नयेत, नवें सर्व बाजूंनीं सारखें ठोकून सरळ बसवावें, आणि ओठाला थोडें तेल लावावें, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो कोरडा घांसत नाहीं. दांड्यावर जेथें जुना ओठ घांसत होता तेथें पुष्कळदां एक चकचकीत खांच पडलेली असते. नखाला ती लागत असेल तर नवा ओठ तिच्यावर टिकणार नाहीं. अशा वेळीं सील किंचित् पुढें-मागें बसवावें किंवा दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवावी. दांडा परत आंत सारतांना त्याचें दांतेरी टोक सीलच्या ओठावरून घांसत नेऊं नये. दोन्ही हातांनीं त्याचें वजन तोलून तो मधोमध न्यावा. घाईनें आंत लोटलेल्या दांड्याचे दांते नव्या ओठाला चिरतात, आणि तें सारें पुन्हां जोडून झाल्यावरच समजतें.

तेलांत भिजलेलीं ब्रेकचीं लायनिंगें पेट्रोलनें धुवून किंवा आंचेवर धरून परत बसविण्याची पद्धत आहे. तीं वरवर कोरडीं दिसतात, पण आंत मुरलेलें तेल ब्रेक तापतांच पुन्हां वर येतें आणि तें चाक धरीनासें होतें. घाट उतरतांना हें कळण्यापेक्षां दोन्ही बाजूंचीं लायनिंगें नवीं घालणें शहाणपणाचें. एकाच बाजूचीं बदललीं तर गाडी पुन्हां एका अंगाला ओढ घेईल.

सर्वच गाड्यांत कड्याची रचना नसते. महायुद्धानंतरच्या विलीज जीपच्या बहुतेक नागरी नमुन्यांत दांड्याचें टोक निमुळतें असून तुंबा त्यावर चावी व मोठ्या नटानें आवळलेला असतो. तेथें गोळ्यांऐवजीं निमुळते रोलर असतात. हेन्री टिमकेन याला अमेरिकेंत १८९८ मध्यें ज्यांचें पेटंट मिळालें तेच हे बेअरिंग. त्यांना थोडी मोकळीक ठेवावी लागते. ती पातळ पत्र्याच्या चकत्या घालून-काढून जमवितात, आणि तिचें प्रमाण इंचाच्या एक ते सहा हजारांश भागांइतकें सूक्ष्म असतें. तुंबा ओढून काढतांना नट पुरता न काढतां चार आट्यांवर ठेवावा. निमुळत्या टोकावरून तुंबा सुटतो तेव्हां तोफेच्या गोळ्यासारखा उडतो, आणि त्याच्यासमोर बहुधा मिस्त्रीचे गुडघे असतात.

सर्व जोडून झाल्यावर श्वासछिद्र मोकळें करावें, तेलाची पातळी पाहावी, आणि पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून दोन्ही ड्रमांजवळ हात नेऊन पाहावा. दोन्ही बाजू सारख्याच कोमट असाव्यात. एक फार तापली तर तेथें ब्रेक घांसत आहे किंवा बेअरिंग तिरपें बसलें आहे. चाकाचे बोल्ट या फेरीनंतर पुन्हां आवळावेत. रात्रीं गाडी उभी करतांना मागच्या चाकाच्या आंतल्या अंगाखालीं जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवावें. सकाळीं कागद कोरडा असला तर सील बसलें. डाग दिसला तर कागद उचलून आधीं त्याचा वास घ्यावा, आणि मगच मिस्त्रीला बोलवावें.